"त्यानं सांगितलंय म्हणजे खरंच असणार": मुलांना एआयबद्दल प्रश्न विचारायला कसं शिकवायचं?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही परभणी जिल्ह्यात राहतो, मुलगा पाचवीत आहे. शाळेनं प्रकल्प दिलाय, गावातल्या एका जुन्या वास्तूची माहिती लिहून आणायची. त्यानं आमच्या गावची बारव, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर, घेतली आणि माझ्या फोनवर एआय चॅटबॉटला विचारलं की ही बारव कुणी बांधली. उत्तर आलं की अहिल्यादेवींनी अमुक साली बांधली, पायऱ्या इतक्या, बांधायला वर्षं इतकी, आणि सगळं असं छान मुद्देसूद की वाचणाऱ्याला वाटावं समोर कागदपत्रं ठेवूनच लिहिलंय. माझे सासरे शेजारीच बसले होते, ते म्हणाले असं आपल्या गावात कुणीच कधी सांगितलेलं नाही, बारवेवर लेख नाही, कुणी बांधली ते कुणाला ठाऊक नाही. तर मुलगा म्हणतो, "आजोबा, त्यानं तर साल पण सांगितलंय. तुम्हाला साल सांगता येतं का?"

सासरे गप्प बसले. त्यांचा चेहरा पाहून मला फार वाईट वाटलं. ज्या माणसानं त्या बारवेचं पाणी प्यालंय, १९७२ च्या दुष्काळात गावाबरोबर तिच्यातला गाळ उपसलाय, त्याचं म्हणणं पडलं खाली आणि फोनचं वर.

मला फोन बंद करायचा नाहीये. हे पुढे शाळेत, नोकरीत, दवाखान्यात सगळीकडेच असणार. मुलगा हुशार आहे, गणित पटापट करतो, एरवी हजार प्रश्न विचारतो पण हा चॅटबॉट बोलतो ना त्याला तो उलट काही विचारतच नाही. धाकटी तर पहिलीत आहे, तिला वाटतं आत कुणीतरी ताई बसलेली आहे. मुलांना भीती न घालता आणि "सगळं खोटं असतं" असंही न सांगता विचार करायला कसं लावायचं? कुणी घरात किंवा शाळेत काही करून पाहिलं असेल तर सविस्तर लिहा प्लीज. उपदेश नको, काय केलं ते सांगा.

फळा_आणि_खडू

ताई, मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, तिसरी-चौथी एकत्र. आम्ही वर्गात जे केलं ते सांगतो. मुलांना यंत्राबद्दल सांगत बसण्यापेक्षा त्यांनाच यंत्राला शिकवायला लावा, बाकी बरंच आपोआप होतं असा माझा अनुभव आहे.

गूगलचं टीचेबल मशीन म्हणून एक फुकट साधन आहे, ब्राउझरमध्ये उघडतं, खातं काढावं लागत नाही. त्यात दोन डबे करायचे, एकात एका वस्तूचे फोटो, दुसऱ्यात दुसरीचे, मग ट्रेनचं बटण दाबायचं, की ते ओळखायला लागतं. आमच्या पोरांनी आंब्याचं पान आणि जास्वंदीचं पान घेतलं. एका गटानं आंब्याच्या पानाचे फोटो व्हरांड्यातल्या लाल फरशीवर ठेवून काढले, दुसऱ्या गटानं जास्वंदीचे वर्गातल्या बाकावर. झालं, मशीन तयार, पान दाखवलं की बरोबर ओळखतंय, पोरं टाळ्या पिटतायत.

मग मी जास्वंदीचं पान उचलून फरशीवर ठेवलं. मशीन म्हणतंय आंबा. एक मुलगी म्हणाली सर परत करा, परत केलं, परत आंबा. मग एकानं पान उचललं आणि नुसती फरशी दाखवली, तरी आंबा, आणि तेही नव्वदच्या वर टक्क्यांनी! वर्गात एकदम शांतता आणि मग जी चर्चा सुरू झाली ती मधल्या सुट्टीपर्यंत चालली. शेवटी एका चौथीतल्या पोरानं सांगितलं, "सर ते पान बघतच नव्हतं, ते फरशी बघत होतं." हे मी फळ्यावर लिहून दहा वेळा समजावलं असतं तरी इतकं कळलं नसतं.

पुढचा प्रकार त्याहून महत्त्वाचा. एक पोरगा कॅमेऱ्यासमोर स्वतःच उभा राहिला. मशीननं त्यालाही आंबा ठरवलं. सगळे हसले पण मी विचारलं की ते असं का म्हणालं, "मला माहीत नाही" असं का नाही म्हणालं? थोडा वेळ विचार करून पोरांच्या लक्षात आलं की डबेच दोन आहेत, तिसरं उत्तर देण्याची सोयच आपण ठेवलेली नाही. मग त्यांनी "यातलं काही नाही" असा तिसरा डबा केला आणि त्यात फरशी, बाक, चप्पल, एकमेकांचे चेहरे असे फोटो भरले. तेव्हापासून वर्गात कुठल्याही यंत्राबद्दल बोलणं निघालं की पोरं दोन प्रश्न विचारतातच, याला शिकवताना काय दाखवलं होतं, आणि याला माहीत नाही म्हणता येतं का.

अवांतर: फोटो आपल्याच कॉम्प्युटरवर राहतात, ट्रेनिंग ब्राउझरमध्येच होतं, फक्त मॉडेल (म्हणजे शिकवून तयार झालेलं मशीन) अपलोड करायचं बटण दाबू नका. मुलांचे चेहरे वापरले की नंतर पान बंद करून टाकायचं, आम्ही तसंच केलं.

जुना_वाचक

माझं मत वेगळं आहे. दहावीपर्यंत हे हातात देऊच नये. आधी वाचन, पाठांतर, माणसांशी बोलणं पक्कं होऊ दे. आमच्या नातवंडांना आम्ही देत नाही आणि त्यांचं काही अडलेलं नाही. ज्याच्या डोक्यात स्वतःचं काही साठलेलंच नाही तो तपासणार कशाच्या जोरावर?

कोडकरी_पुणे

जुना_वाचक काका, तुमचा शेवटचा प्रश्न शंभर टक्के बरोबर आहे, तपासायला आपल्याकडे काहीतरी लागतं. पण दहावीपर्यंत थांबणं जमणार नाही हो, शेजारच्या मुलाच्या फोनवर असतं, रिक्षात असतं, गृहपाठात असतं. तशी बऱ्याच चॅटबॉटच्या अटींमध्ये वयाची मर्यादा १३ च्या आसपास आहे आणि त्यापुढेही पालकांची परवानगी लागते, म्हणजे पाचवीतल्या मुलानं एकट्यानं खातं काढून वापरणं अपेक्षितच नाही. शेजारी बसून, आपल्या खात्यावरून, एवढंच करावं.

गोदाकाठ ताई, मी याच क्षेत्रात काम करतो म्हणून बारवेचं का तसं झालं ते सांगतो, आणि ते मुलाला खेळातून दाखवता येतं. आमच्या सोसायटीतल्या मुलांबरोबर मी हे करतो. मी अर्धी म्हण म्हणतो, पोरांनी पुरी करायची. "थेंबे थेंबे..." सगळे ओरडतात "तळे साचे!" "नाचता येईना..." "अंगण वाकडं!" मग विचारायचं, तुम्ही कुठलं अंगण मोजलं का? नाही. मग कसं आलं? ऐकून ऐकून. आता त्यांना सांगायचं, हे वाक्य पुरं करा: "फलाण्या गावच्या जत्रेत पालखीचा पहिला मान..." आणि गाव असं घ्यायचं की कुणालाच माहीत नाही. पोरं बिनधास्त पुरं करतात, "पाटलांचा!" "देशमुखांचा!" वाक्य ऐकायला एकदम बरोबर. खरं आहे का ते कुणालाच ठाऊक नाही. चॅटबॉटच्या आत जे भाषेचं मॉडेल असतं ते मुळात हेच करतं, आधीच्या शब्दांवरून पुढे काय येणं शक्य आहे ते ठरवत जातं, अफाट मजकुरावरून शिकलेलं असल्यामुळे बरंच काही खरंच बरोबर येतं, पण जिथं त्याच्याकडे मजकूर नसतो तिथंही वाक्याचा डौल तसाच राहतो. मराठवाड्यातल्या बारवेबद्दल प्रश्न आला की अहिल्यादेवींचं नाव जुळतंच, कारण त्यांनी देशभर विहिरी, घाट, बारवा बांधल्या हे खरं आहे आणि ते खूप ठिकाणी लिहिलेलं आहे. तुमच्या बारवेबद्दल मात्र कुणी काही लिहिलेलंच नसेल.

घरी करून बघा. तोच प्रश्न नवीन चॅट उघडून तीन-चार वेळा विचारा, प्रत्येक वेळी मुलानंच उत्तर वहीत उतरवायचं. मग "प्रकाशसंश्लेषण म्हणजे काय" हा प्रश्न तसाच तीन-चार वेळा विचारा. दोन्ही पानं शेजारी ठेवून काय फरक दिसतो ते त्यालाच सांगू द्या, तुम्ही सांगू नका.

हा दुसरा भाग मला फार गरजेचा वाटतो. बरेच पालक आणि काही शिक्षकसुद्धा फक्त यंत्राची चूक पकडायचा खेळ खेळतात, मुलं खूश होतात आणि "हे काहीच कामाचं नाही" असं ठरवून मोकळी होतात. तेही विचार न करणंच झालं. कुठल्या प्रश्नाला याचं उत्तर बहुतेक बरोबर असेल आणि कुठल्याला नाही याचा अंदाज आधीच बांधता येणं हे खरं कौशल्य. म्हणून विचारायच्या आधी मुलाला पैज लावायला सांगा, याचं उत्तर बरोबर येईल की नाही आणि का. हजारो लोकांनी लिहिलेली गोष्ट आहे की आपल्या गल्लीतली? आजची आहे की जुनी? मोजायची आहे की सांगायची? "का" वर जोर द्या. हल्ली काही चॅटबॉट नेटवर शोधून दुवेही देतात, तिथं पैजेचा पुढचा टप्पा असा की दुवा उघडायचा आणि उत्तरातलं वाक्य त्या पानावर खरंच आहे का ते शोधायचं.

आणि एक, "नक्की का?" असं विचारून बघा. कधी ठाम राहतं, कधी लगेच माफी मागून उत्तर बदलतं, अगदी आधीचं बरोबर असलं तरी. मुलांना हे बघून फार आश्चर्य वाटतं कारण ठामपणा म्हणजे ज्ञान असं त्यांना वाटत असतं. मोठ्यांनाही वाटतं.

वऱ्हाडी_माय

मला यात एक गोष्ट घालायची आहे जी वर कुणी लिहिली नाही. आम्ही अमरावतीकडचे. पोरगी सहावीत आहे, घरी आम्ही वऱ्हाडीच बोलतो. शाळेसाठी तिला बोलून टाइप करायची सवय लागली, म्हणजे आपण बोलायचं आणि फोन लिहितो ते. ती आपल्या बोलीत बोलली, "मले उद्या जमत नाई, मी मामाच्या घरी जाऊन राह्यली," की भलतंच काहीतरी लिहून यायचं. दोन-चारदा झालं आणि मग ती स्वतःच अडखळत पुस्तकी बोलायला लागली. मी विचारलं असं का बोलतेस तर म्हणे, "माझं मराठी चुकीचं आहे ना आई, त्याले समजत नाही."

माझ्या काळजात चर्रर झालं. आईबापानं, शाळेनं कधी म्हटलं नाही तिला की तुझी भाषा चूक आहे, आणि हे एका यंत्रानं काही न म्हणता तिच्या मनात घातलं.

मग माझ्या भावानं तिला समजावलं, तो शिकवतो कॉलेजात. त्यानं तिला एका अभ्यासाबद्दल सांगितलं, २०१८ चा, अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या जॉय बुओलाम्विनी आणि त्यांच्या सहकारी टिम्निट गेब्रू यांचा. चेहरा बघून बाई की पुरुष ते ओळखणारी मोठ्या कंपन्यांची सॉफ्टवेअरं त्यांनी तपासली, तर गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक एक टक्क्याच्याही आत आणि सावळ्या-काळ्या बायकांच्या बाबतीत एका सॉफ्टवेअरची चूक जवळपास ३५ टक्के. म्हणजे दर तीन बायकांत एकीला चुकीचं ओळखलं. भावानं तिला विचारलं, मग त्या बायकांचे चेहरे चुकीचे होते का? पोरगी जोरात म्हणाली नाही! मग चुकलं कोण? तिनंच उत्तर दिलं, ज्यांनी फोटो गोळा केले त्यांनी त्यांच्यासारखे फोटोच कमी ठेवले असतील. मग म्हणे, "म्हणजे वऱ्हाडी माणसं त्याच्यात भरलीच नाईत."

आता ती आणि मी मिळून मोझिलाच्या कॉमन व्हॉइसवर मराठी वाक्यं ऐकतो कधीकधी. तिथं लोक वाक्यं वाचून आपला आवाज देतात आणि दुसरे ऐकून बरोबर आहे का ते सांगतात. वाचून मी देते, माझ्या नावानं, ती शेजारी बसून ऐकते. यंत्राला येणारं मराठी कुठून येतं तर हे असं, कुणीतरी घरात बसून, स्वयंपाक आटपून दिलेल्या आवाजातून, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं. भारत सरकारचा भारतीय भाषांसाठी भाषिणी म्हणून प्रकल्प आहे, त्याचंही भाषादान म्हणून असंच आहे.

मुलं यंत्रावर विश्वास ठेवतात याची आपल्याला काळजी वाटते, पण स्वतःवरचा विश्वास कमी करून घेतात त्याकडेही बघा, एवढंच सांगायचं होतं.

फळा_आणि_खडू

वऱ्हाडी_माय, तुमचा प्रतिसाद वाचून थांबलो थोडा वेळ. आमच्याकडे डोंगरातल्या वस्तीवरची पोरं आहेत, त्यांचंही असंच होत असणार आणि ती सांगत नसणार. सोमवारी विचारतो.

तारांगण

सगळे एआयबद्दल बोलताहेत, मी रोबोबद्दल लिहितो कारण लहान मुलांच्या डोक्यात दोन्ही एकच असतं. मी मुलांचे विज्ञानाचे कार्यक्रम घेतो सुट्टीत. माझा एकच प्रश्न असतो, "इथं ठरवतंय कोण?"

उदाहरण म्हणून प्रज्ञान, चंद्रयान-३ बरोबर गेलेली चंद्रावर फिरणारी गाडी, म्हणजे रोव्हर. २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रयान-३ उतरलं, सगळ्या पोरांनी टीव्हीवर पाहिलेलं असतं. २७ ऑगस्टला प्रज्ञान रोव्हरच्या समोर तीन मीटरवर एक खड्डा आला, चार मीटर व्यासाचा. रोव्हर मागे फिरला. मुलांना विचारतो की हे कुणी ठरवलं? निम्मी म्हणतात रोव्हरनं. खरं असं की खड्डा दिसल्यावर इस्रोनं त्याला आल्या वाटेनं परत फिरायची आज्ञा दिली. मग दुसरं उदाहरण, केरळमधल्या तरुणांनी बनवलेला बॅंडिकूट, मॅनहोल साफ करणारा रोबो, २०१८ मध्ये तिरुवनंतपुरममध्ये सुरू झाला. तो गटारात उतरतो पण वर एक माणूस पडद्यावर बघून त्याला चालवत असतो, आणि पूर्वी स्वतः गटारात उतरणाऱ्या कामगारांनाच हे चालवायचं प्रशिक्षण दिलं गेलं. मग सोफिया, माणसासारखा चेहरा असलेली बोलणारी रोबो, जिला ऑक्टोबर २०१७ मध्ये सौदी अरेबियानं नागरिकत्व दिलं आणि त्याच डिसेंबरात आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टमध्ये जी साडी नेसून आली होती. तिची बरीचशी उत्तरं माणसांनी आधी लिहून ठेवलेली असायची. पोरांना गंमत याची वाटते की जी माणसासारखी दिसते तिच्यामागेही माणसं आणि जो यंत्रासारखा दिसतो त्याच्यामागेही माणसं. मग ती आपणहून विचारायला लागतात की आमच्या घरातल्या वॉशिंग मशीनवर एआय लिहिलंय त्यात कोण ठरवतं.

चेहरा असलेल्या रोबोचा प्रभाव मात्र हलक्यात घेऊ नका. २०१८ मध्ये सायन्स रोबोटिक्स या संशोधन नियतकालिकात एक प्रयोग आला होता. सात ते नऊ वर्षांच्या मुलांना रेघांची लांबी ओळखायची होती, अगदी सोपं काम. एकटी असताना ८७ टक्के बरोबर. शेजारी छोटे रोबो बसवले आणि ते एकमुखानं चुकीचं उत्तर देऊ लागले, तर मुलांची बरोबर उत्तरं ७५ टक्क्यांवर आली, आणि जी चुकली त्यातली जवळपास तीन चतुर्थांश उत्तरं अक्षरशः रोबोंचीच होती. मोठी माणसं रोबोंना बधली नाहीत. म्हणजे डोळ्यांना दिसतंय ते सोडून मूल रोबोचं ऐकतं. म्हणून मी कार्यक्रमात मुद्दाम एक रोबो ठेवतो जो मधे चुकीचं बोलतो आणि जो पोरगा किंवा पोरगी सगळ्यांसमोर "नाही, हे चुकलं" म्हणेल त्याला उभं करून कारण विचारतो. मोठ्यानं "नाही" म्हणायचा सराव लागतो, तो नुसता समजून येत नाही.

गोदाकाठ ताई, धाकटीसाठी, जिला आत ताई बसलीय असं वाटतं. १९६६ मध्ये जोसेफ वायझनबाउम यांनी एलायझा नावाचा प्रोग्राम केला होता, आपण जे टाइप करू तेच उलटं करून प्रश्न विचारायचा. त्यांच्या सेक्रेटरीनं, जिला तो कसा बनलाय ते माहीत होतं, तिनंसुद्धा त्यांना सांगितलं की मला त्याच्याशी बोलायचंय, तुम्ही जरा बाहेर जा. हे घरी खेळता येतं. मोठ्या भावाला पडद्यामागे बसवा, हातात चिठ्ठी द्या: "मला" आलं की "तुला" म्हण आणि शेवटी "का बरं?" लाव. "आई" शब्द आला की म्हण "आईबद्दल अजून सांग". काहीच जमलं नाही तर "अच्छा, मग?" धाकटी म्हणेल "मला शाळेत कंटाळा आला", आतून येईल "तुला शाळेत कंटाळा आला? का बरं?" दहा मिनिटं बोलेल ती. मग पडदा उघडून चिठ्ठी दाखवा. आजचे चॅटबॉट चिठ्ठीवर चालत नाहीत, ते खूप गुंतागुंतीचे आहेत हेही सांगा, पण आपल्याला कुणीतरी समजून घेतंय असं वाटणं आणि खरंच कुणी समजून घेणं यात फरक असू शकतो, एवढं पहिलीतल्या मुलालाही कळतं.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल कोडकरी दादांनी सांगितलं तसं केलं. बारवेचा प्रश्न नव्यानं विचारला तर एकदा यादवकाळात बांधली, एकदा कुण्या देशमुखांनी, एकदा परत अहिल्यादेवी पण साल वेगळं. प्रकाशसंश्लेषणाचं उत्तर मात्र शब्द बदलले तरी तेच. मुलानं दोन्ही पानं समोर ठेवली आणि बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "आई, हे त्याला माहीत असलेलं आहे आणि हे जुळवलेलं आहे, पण आवाज एकच आहे दोन्हीला." मी काही सांगितलं नव्हतं त्याला.

मग आजोबांना घेऊन गेला बारवेवर. पायऱ्या मोजल्या, आतल्या कोनाड्यातल्या मूर्तीचं चित्र काढलं, गाळ काढताना काय काय सापडलं होतं ते आजोबांनी सांगितलं ते लिहून घेतलं. प्रकल्पात "बांधणारा" या रकान्यात त्यानं "माहिती मिळाली नाही" असं लिहिलंय आणि आता त्याला भीती आहे की बाई गुण कापतील. तसं झालं तर मी बोलेन बाईंशी. याबद्दल खात्रीची माहिती कुठं मिळेल, कुणाला ठाऊक आहे का?

कोडकरी_पुणे

महाराष्ट्र शासनाची जिल्हा गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याची सगळी माहिती देणारे सरकारी ग्रंथ, ऑनलाइन आहेत, परभणीचं उघडून ठिकाणांच्या प्रकरणात गावाचं नाव शोधा. तिथं नसेल तर जिल्ह्यात बारवांची नोंद करणारे, साफसफाई करणारे हौशी लोक असतात, त्यांना फोटो दाखवा, बांधणीवरून काळाचा अंदाज सांगू शकतात. आणि त्याला सांगा, कुणी सांगितलं तर "कशावरून" हे त्यांनाही विचारायचं.

फळा_आणि_खडू

गुण कापले तर मला कळवा ताई, मी शिक्षक म्हणून बाईंना पत्र लिहीन. त्या रकान्याखाली आजोबांचं नाव, वय आणि त्यांनी सांगितल्याची तारीखही लिहायला सांगा, तोंडी माहितीची नोंद अशीच करतात. बारवेतल्या मूर्तीच्या चित्राचा फोटो टाकाल का इथे? आमच्या पोरांना दाखवतो.